कॅमेऱ्याचे चार मिलिअँपिअर

शंकेखोर : मॅडम, तुमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प पाहिले. चेहरा पाहून हजेरी लावणारा एक, हेल्मेट नसलेला दुचाकीस्वार हेरणारा एक, भाताच्या पानावरचा करपा ओळखणारा एक. सगळीकडे कॅमेरा, लॅपटॉप आणि पडद्यावर हलणारी हिरवी चौकट. एका मुलाला विचारलं, "या ठिपक्याची किंमत १४३ दिसतेय. १४३ काय?" तो म्हणाला, "सर, १४३." पुढे काही नाही. अंश नाही, व्होल्ट नाही, लक्स नाही. माझी नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रासायनिक कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशन करण्यात गेली. तिथे पीटी-१०० नावाचा सेन्सर असतो. प्लॅटिनमची तार, शून्य अंशाला १०० ओहम, शंभर अंशाला १३८.५. आकडा आला की तो कशाचा आकडा आहे, किती चुकू शकतो आणि मागच्या खेपेला तो कोणी तपासला, हे सगळं त्याच्यासोबत येतं. शिवाय तो आकडा कंट्रोल रूमपर्यंत ४ ते २० मिलिअँपिअरच्या करंटवरून जातो. शून्यापासून नाही, चारपासून. का? सगळ्यात कमी मापालासुद्धा तारेतून चार मिलिअँपिअर वाहिलेच पाहिजेत. शून्य आलं, म्हणजे तापमान उतरलेलं नाही. तार तुटलीय, उंदराने कुरतडलीय किंवा ट्रान्समीटर मेलाय. याला आम्ही लाइव्ह झीरो म्हणतो. 'माप कमी आहे' आणि 'मला काही कळत नाही', या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि यंत्राने त्या वेगळ्याच सांगायच्या, ही आमची पहिली शिस्त. आता मला सांगा, तुमच्या कॅमेऱ्याचे चार मिलिअँपिअर कुठे आहेत?

उत्साही : उत्तर देते सर, पण आधी त्या मुलाची बाजू मांडते. तुम्हाला पहिला ट्रान्समीटर हाताळायला नोकरी लागावी लागली होती. हा मुलगा विशीच्या आत काही शे रुपयांचा कॅमेरा-बोर्ड घेतो, त्याला वाय-फाय जोडतो आणि घरच्या गॅलरीत बसून प्रयोग करतो. १९५७ साली रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो १७६ गुणिले १७६ ठिपक्यांत संगणकात घातला, तेव्हा तेवढ्यासाठी सरकारी प्रयोगशाळेतला अख्ख्या खोलीचा संगणक लागला. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपची, कल्पना मांडली. त्यांना २००९ साली नोबेल मिळेपर्यंत ते ज्ञान खिशातल्या फोनपर्यंत उतरलं होतं. आपल्याकडे १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना दार उघडलं. त्याच वर्षी नेरूळला रामराव आदिक इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि मग ऐरोली, वाशी, कोपरखैरणे, खारघर अशी रांगच लागली. दर्जाबद्दल तुम्ही काय बोलणार ते मला ठाऊक आहे. पण उरणहून आता थेट लोकलने येणारी मुलगी एज डिटेक्शन चालवून बघते, ती या दोन्ही गोष्टी स्वस्त झाल्यामुळे, कॉलेजही आणि कॅमेराही. तिला १४३ चं एकक आज सांगता येत नाही. उद्या विचारायला तरी ती इथे आहे.

शंकेखोर : स्वस्त झालं म्हणजे समजलं, असं होत नसतं. उलट वस्तू इतकी स्वस्त झाली की ती उघडून बघायची गरजच कोणाला वाटेनाशी झाली. तुमची मुलं फोनने फोटो काढतात आणि त्याला 'डेटा' म्हणतात. अहो, तो डेटा नाही, तो पक्वान्न आहे! कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ साली पेटंट मिळालं, तेव्हापासून बहुतेक रंगीत सेन्सर तसेच असतात : प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची काच. निम्म्या ठिपक्यांवर हिरवी, पाव ठिपक्यांवर लाल, उरलेल्या पावांवर निळी. म्हणजे एका ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे तुमच्या फाइलीत असतात, त्यांतला मोजलेला एकच. दोन शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरलेले. चित्रातले दोन-तृतीयांश आकडे कोणी मोजलेलेच नाहीत, आणि ही झाली फक्त सुरुवात. मग फोन चित्रातला आवाज, म्हणजे नॉइज, पुसतो, कडा धारदार करतो, सावल्या उजळतो, आकाश जरा जास्तच निळं करतो आणि शेवटी आठ गुणिले आठच्या चौकोनांत कापून जेपेग बनवतो. त्या जेपेगमधल्या कडा तुमची मुलगी सोबेल फिल्टरने शोधते. तिला सापडलेली कड भिंतीची आहे, फोनच्या धारेची आहे की जेपेगच्या चौकोनाची, हे तिला कुठे ठाऊक असतं?

उत्साही : तिला नसेल, पण तुम्ही मघाशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नेमकं इथेच आहे. लेन्सवर टोपी घाला आणि अंधारात फोटो काढा. जेपेग नाही, कच्ची फाइल. हल्ली बऱ्याच फोनमध्ये ती मिळते. ती उघडली की काळ्या ठिपक्यांच्या किमती शून्य नसतात. दहा बिटांच्या सेन्सरमध्ये त्या बहुधा ६४ च्या आसपास घुटमळत असतात, काही वर, काही खाली. प्रकाश नाही, तरी आकडा आहे. सेन्सर बनवणाऱ्यांनी काळ्याची पातळी मुद्दाम वर उचललेली असते, कारण इलेक्ट्रॉनिक आवाज दोन्ही बाजूंना हलतो. पातळी शून्यावर ठेवली तर खालचा अर्धा आवाज कापला जाईल आणि सरासरी खोटी येईल. हे झाले तुमचे चार मिलिअँपिअर. आता वरचं टोक घ्या. आठ बिटांच्या चित्रात २५५ म्हणजे 'इथे प्रकाश २५५ इतका आहे' असं नव्हे. '२५५ च्या वर किती होता ते मला मोजता आलं नाही' असा तो कबुलीजबाब आहे. म्हणजे कॅमेरा 'मला कळत नाही' हे सांगतो सर, खालीही सांगतो आणि वरही सांगतो. सेन्सर प्रामाणिकच असतो. पुढची प्रक्रिया ते ६४ वजा करते, उरलेलं कापते, चकाकतं चित्र करून हातात देते आणि ती कबुली पुसली जाते.

शंकेखोर : हे मला नवीन आहे. तरी एक फरक सांगतो. आमचे चार मिलिअँपिअर तार तुटल्याचं सांगतात, तुमचे ६४ फक्त आवाजाचा हिशेब सरळ ठेवतात. हेतू वेगळे. पण मुद्दा मान्य. मग माझा राग सेन्सरवर नसून तुमच्यावर आहे, असं समजा. तुम्हाला हे माहीत आहे, तर तुमची मुलं जेपेगपासून का सुरुवात करतात?

उत्साही : कारण अभ्यासक्रम तिथून सुरू होतो. सेन्सर एका विषयात, इमेज प्रोसेसिंग दुसऱ्या विषयात; एक इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांचा, दुसरा इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाल्यांचा. एकात थर्मोकपल, एलव्हीडीटी, स्ट्रेन गेज आणि शेवटच्या पानावर दोन ओळींत कॅमेरा. दुसऱ्यात पहिल्याच प्रॅक्टिकलला 'इमेज वाचा आणि दाखवा'. चित्र जणू आकाशातून पडलेलं. वर्षानुवर्षं ते चित्र लेनाचं होतं. १९७३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात कोणीतरी एका मासिकातल्या मॉडेलचा फोटो कापून स्कॅन केला आणि जगभरच्या मुलांनी त्याच चेहऱ्यावर फिल्टर चालवले. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या कॉम्प्युटर सोसायटीने एप्रिल २०२४ पासून तो फोटो लेखांत घेणं बंद केलं, ते बरंच झालं. माझ्या दृष्टीने आणखीही एक कारण होतं : कोणत्या प्रकाशात, कोणत्या लेन्सने, कोणत्या यंत्राने हे चित्र आलं, हा प्रश्न विचारायची सवयच त्याने लागू दिली नाही. आणि परीक्षा? परीक्षेत हमखास प्रश्न : चार गुणिले चारचा एक तक्ता, त्याचं हिस्टोग्राम इक्वलायझेशन हाताने करा. मुलं पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका गोळा करतात, पद्धत पाठ करतात, दहा गुण घेतात. संगणक एका ओळीत करतो ते काम पेन्सिलने करायला लावून आपण त्यांना नेमकं काय शिकवतो? ही गणितं काढून टाका आणि त्या वेळात मुलांना कॅमेरा घेऊन बाहेर पाठवा, असं मी दर बैठकीत सांगते.

(वाद इथे उलटा फिरला. कारखान्यातला माणूस पाठांतराच्या बाजूने उभा राहील, असं या लेखकाला वाटलं नव्हतं.)

शंकेखोर : ती गणितं मात्र काढू नका. सगळं काढा, पण ते हिस्टोग्रामचं गणित ठेवा. का ते सांगतो. फिकट, धुरकट फोटोवर इक्वलायझेशन चालवलं की चित्र एकदम खुलतं आणि बघणाऱ्याला वाटतं, लपलेली माहिती बाहेर आली. पेन्सिलने करणाऱ्या मुलाला कळतं की आठ पातळ्या आत गेल्या, तर बाहेर फार तर आठच येतात आणि कित्येकदा दोन पातळ्या एकीत मिसळून सातच उरतात. नवीन काहीच आलं नाही. होतं ते ताणून दाखवलं, थोडं गमावलंसुद्धा. डोळ्याला जास्त दिसतं आणि माहिती मात्र कमी झालेली असते. हा धडा बटण दाबून मिळत नाही. ज्या मुलाने हे एकदा हाताने केलं, तो उद्या एक्स-रेवर 'एन्हान्स' बटण दाबताना क्षणभर तरी थांबेल. तुम्ही बाहेर पाठवा म्हणता. बाहेर जाऊन काय करतात, ते सांगा.

उत्साही : तेच सांगायचं होतं. एका गटाने रोहित पक्षी मोजायचं ठरवलं. फ्लेमिंगो आता इथल्या प्रत्येक होर्डिंगवर आहे, पण खाडीत किती आहेत, हा खरा प्रश्न. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ साली ते रामसर यादीत आलं आणि नेरूळच्या मागच्या पाणथळीवर भरतीच्या वेळी थवेच्या थवे येतात. मुलांची योजना सोपी होती : फोटो काढा, गुलाबी रंगाची मर्यादा ठरवा, तेवढे ठिपके वेगळे करा, पुंजके मोजा. पहिला आकडा डोळ्यांना दिसत होते त्याहून कितीतरी कमी आला. कोडमध्ये चूक शोधण्यात आठवडा गेला, चूक नव्हतीच. रोहिताची पिल्लं गुलाबी नसतात, करडी-तपकिरी असतात. गुलाबीपणा अन्नातल्या रंगद्रव्यांमुळे सावकाश चढतो. म्हणजे त्यांचा प्रोग्राम पक्षी मोजत नव्हता, वयात आलेले आणि नीट पोसलेले पक्षी मोजत होता. मग ती मुलं संध्याकाळी गेली, तर आकडा एकदम फुगला. कलत्या उन्हात चिखलही गुलाबी झाला होता आणि कॅमेऱ्याने व्हाइट बॅलन्स स्वतःच बदलला होता. तिसऱ्यांदा ओहोटीला गेली, तर तळ्यावर पक्षीच नाहीत. पक्षी नाहीसे झाले नव्हते. खाडीचा चिखल उघडा पडला तसे तिकडे चरायला गेले होते. सर, या मुलांना सेन्सर, प्रकाश, रंग आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक यांचा संबंध कोणत्या पुस्तकातून कळला असता? एकीने तर कच्च्या फाइलीत फोटो काढायचं स्वतःहून ठरवलं. मी सांगितलं नव्हतं.

शंकेखोर : गोष्ट सुंदर आहे. आता तिचा शेवट सांगा. त्यांच्या ब्लॅक बुकात, म्हणजे प्रकल्पाच्या अहवालात, काय छापलं?

उत्साही : ...अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर, असं.

शंकेखोर : बघा. पिल्लं गेली, संध्याकाळ गेली, ओहोटी गेली. उरली एक टक्केवारी. आणि ती कशाशी ताडून काढली? खरा आकडा कोणी मोजला होता?

उत्साही : त्याचंही सांगते. दोन मुलींनी तेच फोटो छापून, पेनने टिंबं देत डोळ्यांनी मोजले. दोघींचे आकडे जुळले नाहीत. एकमेकांमागे उभे असलेले पक्षी, पाण्यातलं प्रतिबिंब, दूरचा कोपरा. म्हणजे आपण ज्याला खरा आकडा म्हणतो, तोही एक मोजमापच आहे आणि त्यालाही त्रुटी आहे. ही माझी बाजू भक्कम करणारी गोष्ट आहे, असं मी मानते. डोळा हाही सेन्सर आहे आणि त्यालाही तुमचे चार मिलिअँपिअर नाहीत. माणूस थकला की अंदाज ठोकतो आणि तो अंदाज होता, हे विसरतो. निदान प्रोग्राम दर वेळी सारखाच तरी चुकतो.

शंकेखोर : सारखाच चुकणारा सेन्सर मला चालतो, त्याची चूक वजा करता येते. माझी तक्रार दुसरी आहे. आता मुलं रंगाच्या मर्यादा लावत नाहीत, न्यूरल नेटवर्क लावतात. त्याच्या शेवटच्या थराची रचनाच अशी असते की सगळ्या उत्तरांच्या शक्यतांची बेरीज १ झालीच पाहिजे. दहा फळं शिकवली आणि समोर चप्पल धरली, तरी दहा फळांतलंच एक नाव येणार, आणि कित्येकदा मोठ्या खात्रीने येणार. मघाशी तुम्ही मला सेन्सरची कबुली दाखवलीत : काळ्याची पातळी, भरलेला २५५. फोनने ती पुसली. जे थोडं उरलं असेल, ते या थराने गाडून टाकलं. आता आलेल्या ९३ टक्के खात्रीला एकक विचारा ना. १४३ ला नव्हतं, तसंच यालाही नाही. 'सर, ९३.'

उत्साही : त्यावर उपाय आहेत. 'यांतलं काही नाही' हे उत्तर शिकवता येतं, खात्री कमी असली की उत्तर राखून ठेवता येतं, खात्रीचं कॅलिब्रेशन करता येतं. हो, तोच शब्द आहे, तुमचाच. आणि चूक कोण शोधतं तेही बघा. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ओळखणाऱ्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत जास्तीत जास्त चूक ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. बुओलाम्विनींचं हे काम विद्यार्थिदशेतलं. त्याआधी एका प्रकल्पात यंत्राला त्यांचा स्वतःचा चेहरा दिसेना, तिथून सुरुवात झाली. विकणाऱ्या कंपन्यांनी हे आपणहून सांगितलं नव्हतं. म्हणून मला ही मुलं संख्येने जास्त हवीत. कोळीवाड्यातली, आगरी पाड्यातली मुलगी हजेरीच्या यंत्रापुढे उभी राहते आणि ते तिला ओळखत नाही, तेव्हा 'मीच नीट उभी नव्हते' असं न म्हणता 'यंत्राला कोणाचे चेहरे दाखवले होते?' असं विचारेल, एवढं शिक्षण मला पुरे.

शंकेखोर : हे मान्य, मनापासून मान्य. तरी एक खोलातली अडचण राहतेच. तुम्ही कितीही प्रामाणिक प्रोग्राम लिहा, सेन्सरपर्यंत जे पोचलंच नाही, ते कोणतंही गणित बाहेर काढू शकत नाही. वाशीच्या एपीएमसीत एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या बघा. रंगावरून, आकारावरून प्रतवारी करणारा कॅमेरा कोणीही बनवेल. पण हापूसचा खरा शत्रू साका. वरून फळ सोन्यासारखं आणि कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा गर. साल साक्याबद्दल काही बोलतच नाही. साध्या कॅमेऱ्याचे कितीही मेगापिक्सेल वाढवा, साका दिसणार नाही. क्ष-किरणांनी तो ओळखता येतो. त्यावर भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी पूर्वीच काम केलंय. त्यांनी आधी विचारलं, या फळात काय बदलतं? मग विचारलं, ते बदललेलं कोणत्या किरणाला दिसेल? प्रोग्राम शेवटी. तुमच्याकडे क्रम उलटा. लॅमिंग्टन रोडला जायचं, जे स्वस्त मिळेल ते उचलायचं, मग त्याला शोभेल असा प्रश्न शोधायचा. कोपरखैरणे-वाशीकडचे लोक रात्री रासायनिक वास येतो म्हणून तक्रार करतात, तर मुलं एमक्यू-१३५ बसवून 'वायुप्रदूषण मापक' तयार करतात. तो सेन्सर अमोनियाला हलतो, अल्कोहोललाही हलतो आणि धुरालाही हलतो. हललं एवढं कळतं, कशाने ते कळत नाही. शेजारच्या खिडकीत कोणी मच्छर अगरबत्ती लावली तरी तक्ता वर जातो. आणि तो तक्ता उद्या कोणी सुनावणीत पुढे केला, तर कारखान्याचा वकील पाच मिनिटांत फाडून टाकेल. मग खरी तक्रारही त्याच्यासोबत फाटते.

उत्साही : वकिलाचा मुद्दा मी मुलांना सांगणार आहे, तो आवडला. पण क्रमाबद्दल तुमचं सगळंच मान्य नाही. आधी प्रश्न, मग सेन्सर, हा ज्याच्या हाताशी प्रयोगशाळा आहे त्याचा क्रम. क्ष-किरणांचं यंत्र आमच्या मुलांना कोण देणार? लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने दिलेल्या सेन्सरला काय काय दिसत नाही, हे शोधत-शोधत मुलं प्रश्नापर्यंत पोचतात. लांबचा रस्ता आहे, पण त्यांना परवडणारा तेवढाच आहे. रोहित मोजणारी मुलं पक्ष्यांच्या प्रेमाने गेली नव्हती. गुलाबी रंग वेगळा काढणं सोपं, म्हणून गेली होती. परत आली तेव्हा त्यांना पिल्लांचा रंग माहीत होता. त्याच रस्त्यावर आतल्या गल्लीत कोडसकट, अहवालासकट तयार प्रकल्पही मिळतो, हे मला ठाऊक आहे; त्याचा बचाव मी करत नाही. पण गुन्हेगार तो दुकानदार नव्हे. तयार प्रकल्प आणि चिखलात उभं राहून केलेला प्रकल्प यांना सारखेच गुण देणारी परीक्षा आहे.

शंकेखोर : परीक्षेवर येऊच. त्याआधी रस्त्यावर या, कारण तुमची मुलं तिथेच पोचणार. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. जवळपास २२ किलोमीटर कॅमेऱ्यांच्या नजरेखाली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही कॅमेरा वेग मोजतो, पाटी वाचतो आणि चलन घरी येतं. आता आपल्याकडच्या पाट्या बघा. नियमाने इंग्रजी अक्षरं आणि साधे आकडे हवेत. पण ४१४१ वळवून 'दादा' लिहिणारे आहेतच, आणि चिखलाने निम्मी बुजलेली, जुलैच्या पावसात ओघळणारी पाटीही आहेच. यंत्राने 'वाचता आलं नाही' म्हणावं, हे आपण दोघंही म्हणतो. पण ते विकत घेणाऱ्याला चालेल का? निविदेत कोण लिहितं, 'यंत्रणेने किती वेळा माघार घ्यावी'? निविदेत अचूकता लिहितात. महापेच्या एखाद्या ऑफिसात तुमची विद्यार्थिनी बसेल, तिचा वरिष्ठ म्हणेल, माघारी कमी कर. ती खात्रीची मर्यादा थोडी खाली ओढेल. कोणाला तरी भलत्याच गाडीचं चलन जाईल, आणि ते खोटं ठरवण्याची पायपीट त्या माणसाच्या माथी. तिला तुम्ही काळ्याची पातळी शिकवली होती. तिथे ती काय कामाची?

उत्साही : तुमच्या कारखान्यात ती काय कामाची होती, ते सांगा. लाइव्ह झीरो होता, अलार्म होता, सगळी शिस्त होती. कोणी अलार्म बंद करून ठेवत नव्हतं?

शंकेखोर : ठेवत होते. वारंवार वाजतो म्हणून जंपर टाकून ठेवत. रात्रपाळीला तर हमखास.

उत्साही : मग शिस्त यंत्रात नव्हती, माणसांत होती, आणि माणसांत तेव्हाही अधूनमधूनच होती.

शंकेखोर : फरक आहे, मॅडम. जंपर टाकला की तो डोळ्यांना दिसतो. पॅनल उघडला की लाल तार समोर. सेफ्टी ऑडिटला येणारा माणूस बोट दाखवून विचारू शकतो, हे कोणी केलं? तुमच्या प्रोग्राममध्ये ०.९ चं ०.६ झालं, ती लाल तार कोणाला दिसते? मला तंत्रज्ञानाची भीती नाही. ज्या चुकीकडे बोट दाखवता येत नाही, तिची आहे. आमच्या क्षेत्राला तो पॅनल उघडता ठेवायची सवय लागायला कित्येक दशकं आणि काही वाईट अपघात लागले. तुमचं क्षेत्र तेवढं थांबणार नाही, विमानतळापासून बाजारापर्यंत सगळीकडे आधीच जाऊन बसलंय.

उत्साही : म्हणून तर घाई आहे. तुम्ही म्हणता, आधी पाया पक्का करा, मग माणसं वाढवा. मी म्हणते, कॅमेरे आधीच लागलेत, तर त्यांचा पॅनल उघडू शकणारी माणसं आधी वाढवा, पाया हळूहळू भरू. यात कोण बरोबर, हे आज मला सांगता येणार नाही. तुमचं ऐकलं तर पाच-दहा पक्के लोक निघतील आणि शहरभरचे कॅमेरे इतर कोणीतरी चालवतील. माझं ऐकलं तर हजार कच्चे निघतील आणि त्यांतले बरेच मर्यादा खाली ओढतील, हेही मला दिसतं.

शंकेखोर : मग निदान एक करा. प्रत्येक ब्लॅक बुकात एक पान सक्तीचं करा : हे यंत्र कोणत्या वेळी, कोणत्या प्रकाशात, कोणासमोर खोटं बोलतं. रोहितवाल्यांच्या त्या पानावर पिल्लं, संध्याकाळ आणि ओहोटी, तिन्ही आली असती. मला एक्सटर्नल परीक्षक म्हणून बोलवा. मी फक्त तेवढं पान वाचेन आणि त्यावरच व्हायवा घेईन.

उत्साही : पान मी यंदापासूनच सक्तीचं करते, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. गुणांचं मात्र माझ्या हातात नाही. सादरीकरणाला गुण आहेत, अहवालाला आहेत, निकालाच्या अचूकतेलाही आहेत. त्या पानासाठी गुणपत्रकात रकाना नाही.